ओब्रिगादो, ताई

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. आधी पोर्तुगीजमध्येच लिहायला बसलो होतो. दोन ओळींत क्रियापदांचे तीन काळ चुकले आणि तुमचा हिरवा मार्कर डोळ्यांसमोर आला. मग इंग्रजीत लिहून पाहिलं, तर ते शुभेच्छापत्रावरच्या मजकुरासारखं गुळगुळीत झालं. शेवटी मराठीत लिहायचं ठरवलं, तेही चारचौघांसमोर. एखाद्या रविवारी फोन लावून अर्थ सांगेन.

तुमच्या पोर्तुगीजच्या वर्गात तुम्हाला ‘इर्मा’ म्हणायचा नियम होता. इर्मा म्हणजे बहीण. तुम्ही तेवीस वर्षांच्या, मी अठराचा, त्यामुळे माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून तुम्ही ताईच होतात. तोंडाने तसं कधी म्हटलं नाही, ते आज म्हणून घेतो. आणि ओब्रिगादो, म्हणजे आभार, तेही.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगायला हवं. आमचं घर मूळचं नगरचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आजी अजूनही रेव्हरंड टिळकांचे अभंग पेटीवर म्हणते. बाबा नोकरीनिमित्त अमेरिकेत, युटा राज्यात आले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शाळेतले सगळे दोस्त ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांच्यातले. सोळाव्या वर्षी मीही त्यांचा बाप्तिस्मा घेतला. आईबाबांनी सही दिली, पण स्वतः आपल्या जुन्या उपासनेतच राहिले. आजीला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “चहापण नाही प्यायचा?” नाही, चहापण नाही. यावर ती बराच वेळ गप्प होती. देवाबद्दल तिने काही विचारलं नाही.

ऑक्टोबर 2012 मध्ये चर्चने मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जायचं वय खाली आणलं. मुलांसाठी 19 चं 18 झालं आणि मुलींसाठी 21 चं 19. त्याबरोबर अर्जांचा पूर आला, आणि त्या पुरात मीही होतो. नेमणुकीचं पत्र आलं ते ब्राझीलचं, रेसिफे शहराचं. मुदत दोन वर्षं आणि खर्च आपापला, तेव्हा महिन्याला 400 डॉलर. जून 2013 मध्ये आईने मला युटातल्याच प्रोव्होच्या मिशनरी प्रशिक्षण केंद्राच्या, म्हणजे एमटीसीच्या दारात सोडलं. दारात म्हणजे अक्षरशः फुटपाथच्या कडेला. गाडी थांबवायची, बॅगा काढायच्या, मिठी मारायची आणि निघायचं. मागे दुसरी गाडी उभीच असते. आईला रडायलाही धड वेळ मिळाला नाही. ते तिने पुढच्या सिग्नलला उरकलं, असं नंतर बाबांकडून कळलं. मला छातीवर काळी पाटी मिळाली, पाटीवर आडनाव आणि त्याआधी ‘एल्डर’, म्हणजे वडील. नवखा ओळखू यावा म्हणून पाटीवर एक नारिंगी ठिपका. आमच्या नगरच्या मंडळीत वडील म्हणजे साठीच्या पुढचे, उपरणं घेतलेले गृहस्थ. मिसरूड न फुटलेल्या पोराला कोणी वडील म्हणतंय, याचं हसू मला त्या ठिपक्याइतकंच लपवावं लागलं.

पहिल्याच तासाला तुम्ही आलात आणि धडाधडा पोर्तुगीज बोलायला लागलात. इंग्रजीचा एक शब्द नाही. आम्ही दहा जण भिंतीला टेकून बसलेलो. माझा जोडीदार आयडाहो राज्यातला, बापाची बटाट्याची शेती. एमटीसीत जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही असा नियम असतो. न्हाणीघर सोडलं तर आम्ही सहा आठवडे जोडबैलांसारखे फिरलो. तुम्ही फळ्यावर बटाटा काढलात आणि विचारलंत, हे काय? वर्ग गप्प. माझ्या तोंडून आपोआप निघालं, बटाटा. तुम्ही टाळी वाजवलीत. “बताता! बरोबर!” आयडाहोवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या वावरातून चोरी केलीय.

त्या दिवसापासून मी वहीच्या मागच्या पानावर यादी करायला लागलो. चावी, बादली, कोबी, काजू, अननस, घमेलं, परात, इस्त्री, पगार, लिलाव, नाताळ. साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेले शब्द आमच्या स्वयंपाकघरात, बांधकामावर, सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसले होते आणि मला ते मराठीच वाटत होते. तुम्हाला ही यादी दाखवली तेव्हा तुम्ही घड्याळ विसरलात. तुम्हाला गोवा माहीत होतं, पण पाव माहीत नव्हता. मी वडापाव समजावून सांगितला. बटाटाही पोर्तुगीजांचा आणि पावही त्यांचाच, मधली मिरची पण त्यांनीच आणलेली, असं म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, मग यात तुमचं काय? मी म्हटलं, भूक.

या पावानेच माझी फजिती केली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आवडीनिवडी सांगायच्या होत्या. मी ऐटीत उठलो आणि म्हणालो, मला पाव फार आवडतो. मराठी पाव, सरळसोट. तुमचा चेहरा लालबुंद झाला आणि तुम्ही फळ्याकडे वळून उगाचच काहीतरी पुसायला लागलात. पोर्तुगीजमध्ये पावाला शेवटी नाकातला सूर लागतो. तो सोडला तर उरतो तो शब्द म्हणजे काठी, आणि काठीखेरीज त्याचा आणखी एक अर्थ आहे, जो पाटी लावलेल्या मिशनरीने उच्चारायचा नसतो. तुम्ही मला नाक चिमटीत धरायला लावून पंचवीस वेळा तो शब्द म्हणून घेतला. गोव्यात तो सूर शाबूत आहे, हो. घाट चढून वर येताना आमच्याकडून वाटेत कुठेतरी पडला.

पण नाकातून बोलणं मला आयडाहोपेक्षा लवकर जमलं आणि त्याचं कारणही तुम्हीच दाखवलंत. आईला तुमच्याकडे जवळजवळ ‘मांय’ म्हणतात. वऱ्हाडात माय म्हणतात, असं सांगितल्यावर तुम्ही वहीत टिपून घेतलंत. आणि वडील म्हणजे ‘पाय’. प्रार्थनेचा पहिला शब्दच तो. स्वर्गीय पित्या, अशी सुरुवात करायची आणि माझ्या कानात घुमायचे ते पाय. आजी रोज रात्री म्हणते ना, तुझ्या पायी ठेव. वर्गातली बाकीची पोरं डोळे मिटून पित्याला हाक मारत होती आणि मला डोळ्यांपुढे कोणाचे तरी पाय दिसत होते, धुळीने माखलेले. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. धर्मशिक्षणात याची बेरीज करायची की वजाबाकी, मला कळत नव्हतं.

तू आणि तुम्हीचा तास आठवतो? ब्राझीलमध्ये मोठ्यांना ‘सेन्योर’, ‘सेन्योरा’ म्हणायचं, बरोबरीच्याला ‘व्होसे’ आणि प्रार्थनेत देवाला मात्र ‘तु’. अमेरिकी पोरांना ते अवघड गेलं. त्यांच्या इंग्रजीत देवासाठी एक जुनं, ठेवणीतलं सर्वनाम आहे आणि त्यांना वाटायचं की ‘तु’ म्हणजे तसंच काहीतरी सणासुदीचं. तुम्ही मला विचारलंत, तुमच्याकडे काय? मी सांगितलं, बाबांना तुम्ही, आईला तू आणि देवाला तू. तुम्ही म्हणालात, “म्हणजे देव आईच्या बाजूला.” एवढंच म्हणून तुम्ही पुढच्या क्रियापदाकडे वळलात. मी मात्र तो अख्खा तास तिथेच राहिलो.

एमटीसीचा दिवस साडेसहाला सुरू व्हायचा आणि साडेदहाला दिवे जायचे. मधे वर्ग, जेवण, वर्ग, व्यायाम, वर्ग. जेवण भरपूर आणि बेचव. आईने बॅगेत शेंगदाण्याची चटणी दिली होती, ती आयडाहोने टोस्टवर घालून दोन आठवड्यांत संपवली. मंगळवारी आणि रविवारी सभा, हजारो पोरं एका सुरात गाणारी. रविवारी मंदिराच्या बागेत फेरी, मागे वॉसॅचचे डोंगर, एका डोंगरावर विद्यापीठाचं भलं मोठं पांढरं इंग्रजी ‘वाय’ अक्षर. घरी फोन करायची तेव्हा मुभा नव्हती. वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी आठवड्यातून एक दिवस कपडे धुताधुता ईमेल. त्या ईमेलमधून आई आजीची खबर द्यायची.

आणि खबर होती दुष्काळाची. 2012 चा पाऊस नगरला दगा देऊन गेला होता. सगळे 72 ची आठवण काढत होते. जनावरं चारा छावणीत, पाणी टँकरचं. आजीने कळवलं होतं, की टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि मी हंडा भरून झाल्यावर तुझ्यासाठी प्रार्थना करते, आधी नाही, कारण रांगेत लक्ष लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मला वर्गाची शेवटची प्रार्थना सांगायला सांगितलीत. मला साचा पाठ होता. आम्ही तुझे आभार मानतो या दिवसाबद्दल, आम्ही तुझे आभार मानतो शिक्षकांबद्दल, आम्हाला मदत कर, येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन. दुसऱ्या ओळीला अडकलो. शब्द आठवत होते, पण ते म्हणवत नव्हते. डोळे मिटलेले दहा जण वाट पाहतायत. अशा वेळी बाकी शिक्षक हळूच पुढचा शब्द पुरवतात. तुम्ही पुरवला नाहीत. तुम्ही म्हणालात, “तुझ्या भाषेत म्हण.”

आणि मी म्हणालो, “देवा, नगरला पाऊस पाड. आजीला रांगेत उभं राहवत नाही. आमेन.”

बस, एवढीच. त्या सहा आठवड्यांतली माझी सगळ्यांत तोकडी प्रार्थना. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघतायत. तुम्ही विचारलंत, काय मागितलंस? मी इंग्रजीत सांगितलं. तुम्ही मार्कर उचललात आणि फळ्यावर एकच शब्द लिहिलात. पाऊस. पोर्तुगीजमध्ये ‘शूवा’. खाली ‘पेसु शूवा’, मी पाऊस मागतो. व्याकरण नाही, प्रवचन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आयडाहोने प्रार्थना सांगितली आणि शेवटी स्वतःहून जोडलं, नगरसाठी शूवा. त्याला नगर म्हणता येत नव्हतं, तो ‘नागा’ म्हणाला. पण पाण्यावाचून पीक करपताना पाहिलेला पोरगा होता तो, त्याच्या आवाजात ते कळत होतं. मग रोजच कोणी ना कोणी म्हणायला लागलं. शूवा हा आमच्या वर्गाचा पहिला शब्द, जो कोणीही पाठ केला नव्हता.

त्या साली नगरला पाऊस बरा झाला. याचं श्रेय मी वर्गाला देत नाही आणि आजीही देत नाही. ती म्हणते, एक वर्ष सोडून तर तो येतोच.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे.

धर्माचं शिक्षण म्हणजे तिथे फक्त ग्रंथ वाचणं नसतं. शिकवायला शिकणं असतं. पहिल्या आठवड्यातच मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये समोरच्याला धडा द्यायचा आणि तो समोरचा म्हणजे बहुतेक वेळा शिक्षकच, एखाद्या खऱ्या माणसाचं सोंग घेतलेला. तुम्ही रेसिफेच्या एका मावशींचं सोंग घ्यायचात. तुमच्या मिशनवर भेटलेल्या, फुटपाथवर तापिओका विकणाऱ्या. आपल्या साबुदाण्याचा जो कंद, त्याच्याच पिठाचं धिरडं, तव्यावर, आत खोबरं. तुम्ही खुर्ची उलटी करून बसायचात, मांडीवर वर्तमानपत्र, खोटं धिरडं उलटत. आवाजही बदलायचा. ‘दोइस’चं ‘दोइश’ व्हायचं. आम्ही दोघं समोर घाम पुसत.

चौथ्या आठवड्यात पहिला मोठा धडा होता. 1820 सालची गोष्ट, न्यू यॉर्क राज्यातला चौदा वर्षांचा जोसेफ स्मिथ, झाडीत जाऊन प्रार्थना करतो आणि त्याला प्रकाशाचा खांब दिसतो. ते सगळं वर्णन पोर्तुगीजमध्ये तोंडपाठ करायचं असतं. मी घडाघडा म्हणून दाखवलं, एकही चूक नाही. मग शेवटचं वाक्य, जे प्रत्येक जण म्हणतो. ‘एउ सेइ’, मला माहीत आहे, की हे खरं आहे.

मावशींनी धिरडं उलटायचं थांबवलं. “तुला माहीत आहे?”

“हो.”

“कसं?”

मी गप्प. आयडाहोही गप्प. माझ्याकडे त्याचं उत्तर पोर्तुगीजमध्ये नव्हतं आणि खरं सांगायचं तर कोणत्याच भाषेत नव्हतं. सगळे ‘सेइ’ म्हणतात म्हणून मी म्हणत होतो. सक्ती कोणी केली नव्हती, मीच स्वतःवर केली होती. इतकी नीट, की मलाही कळू नये.

तुम्ही वर्तमानपत्र बाजूला ठेवलंत. सोंग उतरलं. तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही बोटं मोजत विचारलंत, “तुझ्याकडे आत्ता क्रियापदं किती आहेत? सेइ, माहीत आहे. केरु, हवं आहे. आक्रेदितु, विश्वास आहे. एस्पेरु. यातलं तुझं कोणतं?”

मी विचारलं, एस्पेरु म्हणजे आशा करतो ना? तुम्ही म्हणालात, आशा करतो, आणि वाट पाहतोही. दोन्हीला एकच शब्द. बसची वाट पाहतात तेही एस्पेरु.

मी म्हटलं, मग माझं हेच.

“मग हेच म्हण. ही बाई दिवसभर फुटपाथवर बसते. कोणाची नोट खरी आणि कोणाची खोटी, हे तिला हात लावल्यावर कळतं.”

आणि तुम्ही वर्तमानपत्र पुन्हा मांडीवर घेतलंत. मी पुन्हा सांगितलं. या वेळी अडखळत, दोन चुका करत. हे खरं असावं, अशी मी वाट पाहतोय. मावशी म्हणाल्या, “ये बस. धिरडं खा.”

ताई, तिथे शिकवणारी, मन लावून शिकवणारी माणसं पुष्कळ होती. मला ‘सेइ’ म्हणता यावं म्हणून झटणारीही होती आणि त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण मला न येणारी भाषा शिकवता शिकवता, जे मला येत नाही ते म्हणू नको असं सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच. घरच्या भाषेत माणूस सहज लपतो, शब्दांची रास असते. माझ्याकडे तीनशे शब्द होते, त्यात लपायला जागाच नव्हती. तुम्हाला ते दिसलं.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. सहा आठवडे संपले आणि ब्राझीलचा व्हिसा काही आला नाही. गंमत म्हणजे प्रोव्होतलं भाषाशिक्षण 1961 मध्ये सुरू झालं तेच मुळी मेक्सिको आणि अर्जेंटिनाचे व्हिसा रखडले म्हणून. पोरांना नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा स्पॅनिश तरी शिकवू, म्हणून. बावन्न वर्षांनी मी त्याच रांगेत. मला तात्पुरतं मॅसॅच्युसेट्सला धाडलं. तिथल्या ब्राझिली वस्तीत अकरा आठवडे काढले, थंडी पडायला लागली तेव्हा व्हिसा आला. एस्पेरु, दुसरं काय.

रेसिफेत पोचल्यावर पहिल्या महिन्यात मी तापिओकाच्या प्रत्येक गाडीपाशी थांबायचो. तुमच्या मावशी काही सापडल्या नाहीत. दारोदार फिरताना शेकडो जणांनी दार लावलं, काहींनी पाणी दिलं, थोड्यांनी बसायला सांगितलं. धर्म घेऊन दुसऱ्याच्या दारात जाण्याबद्दल आपल्याकडे लोकांच्या मनात काय असतं, हे मी जाणतो. इथे वाचणाऱ्यांपैकीही कोणाच्या कपाळाला आठी पडली असेल. ती वाजवी आहे. मला वाद घालायचा नाही. माझ्यापुरतं एवढंच सांगतो, की दोन वर्षांत कोणाच्याही दारात मी ‘सेइ’ म्हटलं नाही. माझ्या एका नंतरच्या जोडीदाराला ते खटकायचं. आम्ही त्यावर बरेच भांडलो.

तुमच्याच चर्चचा ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश माणूस 1851 मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुढे पुण्यातही त्याने एक छोटीशी शाखा काढली, हे मला परत आल्यावर वाचायला मिळालं. आणि त्याच्याही पुष्कळ आधी, 1579 मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्याला आला, मराठी शिकला आणि ओव्यांमध्ये अख्खं पुराण लिहून गेला. ते 1616 मध्ये छापलं गेलं. त्यालाही कोणीतरी नाक चिमटीत धरायला लावलं असेल. त्या कोणाचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

हे सगळं आज का उकरून काढलं, ते सांगतो आणि थांबतो. मी आता सिएटलजवळ राहतो आणि रविवारी दुपारी इथल्या मराठी शाळेत लहान वर्गाला शिकवतो. बारा पोरं, सगळी इंग्रजीतून विचार करणारी. गेल्या रविवारी ‘माझे बाबा’ हा धडा होता. सात वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि पाठ केलेलं एका दमात म्हणाली, “माझे बाबा मला रोज गोष्टी सांगतात.” उच्चार सुरेख, ‘ळ’सुद्धा नीट यायला लागलाय तिचा. मी शाबास म्हणणार होतो, पण तोंडून निघालं, “सांगतात?”

तिने जरा विचार केला. “नाही.”

“मग काय करतात?”

तिच्याकडे शब्द थोडे होते. छताकडे बघून तिने ते एकेक गोळा केले.

“बाबा येतात. बाबा बुट काढतात. बाबा सोफ्यावर झोपतात. मी त्यांच्या पायावर बसते.”

तुमचा,
नाक चिमटीत धरणारा एल्डर